कुंपणाची किंमत

मामांचं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या पुस्तकांचं दुकान होतं. आता ते त्यांचा मुलगा बघतो. मुक्ता त्यांची भाची. पुण्यातच एका लहान स्टुडिओत ती काम करते. चौघांनी मिळून केलेला त्यांचा व्हिडिओ गेम लवकरच स्टीम या ऑनलाइन दुकानात विक्रीला येतोय, आणि कोणत्या देशात काय भाव लावायचा हे ठरवण्याचं काम तिच्याकडे आलंय.

मामा: एवढा मोठा तक्ता? आणि इतक्या देशांची चलनं?

मुक्ता: अमेरिकेचा भाव भरला, समजा 20 डॉलर, की स्टीम बाकीच्या चलनांतले भाव सुचवतं. रुपया, येन, युरो, झ्लॉटी. सुचवलेलाच ठेवायला हवा असं नाही, ते आमच्यावर आहे. भारतासाठी सुचवलेला भाव अमेरिकेच्या निम्म्याच्या जवळपास बसतो.

मामा: म्हणजे वस्तू तीच, आणि अमेरिकेत ओहायोतल्या माणसाला जवळजवळ दुप्पट. हे तुम्ही दयेपोटी करता की धंद्यापोटी?

मुक्ता: दया कसली, मामा. गेम एकदा तयार झाला की पुढच्या प्रतीला खर्च जवळजवळ शून्य. कागद नाही, छपाई नाही, गठ्ठे बांधणं नाही. इथल्या मुलाला 20 डॉलर परवडत नसतील तर तो घेणारच नाही, नाहीतर क्रॅक, म्हणजे चोरीची फुकट प्रत, उतरवेल. निम्म्या भावात घेतला तर त्याला गेम मिळतो, आम्हाला काही मिळतं, आणि ओहायोतल्या माणसाचं काहीच जात नाही.

मामा: काही जात नाही हे खरं. पण हा युक्तिवाद विकणाऱ्याच्या फार सोयीचा आहे. ज्या हिशेबाने एकीकडे भाव उतरतो त्याच हिशेबाने दुसरीकडे चढतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीचा 2013 चा अहवाल आठवतो मला. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टला त्यांनी समन्स काढून बोलावलं होतं. सॉफ्टवेअर, संगीत, गेम, सगळं इंटरनेटवरून उतरवायचं, मग ते ऑस्ट्रेलियात अमेरिकेपेक्षा इतकं महाग का, एवढाच प्रश्न. कर, भाडी, पगार अशी कारणं दिली गेली, समितीचं त्याने समाधान झालं नाही. मला विचारशील तर खरं कारण एकच होतं: तिथले लोक तेवढे देत होते.

मुक्ता: आणि आपल्याकडेही प्रत्येक गोष्ट स्वस्त नसतेच. सोनीने 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 भारतात आणला तेव्हा त्याच्या मोठ्या गेमची किंमत होती 4,999 रुपये. अमेरिकेत 70 डॉलर. तेव्हाच्या दराने जवळजवळ तेवढेच.

मामा: कारण ज्याने 49,990 रुपयांचं यंत्र घेतलं, त्याच्या खिशाची परीक्षा आधीच झालेली असते. म्हणून म्हणतो, गरीब देशाला स्वस्त देणं आणि ज्याच्याकडून जेवढं निघेल तेवढं काढणं, ही हत्यारं दोन नाहीत. एकच आहे. धरतो कोण आणि कोणावर, एवढाच फरक.

मुक्ता: मान्य. पण हत्यार एक आहे म्हणून ते टाकून द्यायचं? सगळीकडे 20 डॉलर केले तर सगळ्यांना समान वागवल्यासारखं दिसेल. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या माणसाचं ते तासा-दोन तासांचं काम, आणि इथल्या पुष्कळांची दोन-चार दिवसांची मजुरी. आकडा समान, ओझं असमान.

मामा: मी टाकून द्या म्हणत नाही. आयुष्यभर मी हेच तर विकलं. ‘ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन’, टाटा मॅकग्रॉ-हिलच्या भारतीय आवृत्त्या, आणि मेडिकलच्या पोरांसाठी ईएलबीएसची पुस्तकं. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची आकृती पुढच्या पानावर दिसायची. अमेरिकन आवृत्तीत रंगीत असलेलं सगळं आपल्याकडे काळं-पांढरं. आणि वर चौकटीत सूचना, की ही प्रत अमुक देशांबाहेर विकायला मनाई आहे. त्या चौकटीच्या जिवावर महाराष्ट्रातले कितीतरी इंजिनिअर आणि डॉक्टर शिकले. पण ईएलबीएसचा फरक ब्रिटिश सरकार भरायचं. तुमच्या गेमचा फरक कोण भरतं?

मुक्ता: कोणी नाही. म्हणून तर सगळा भार कुंपणावर येतो. स्वस्त भाव स्वस्त भागातच राहिला पाहिजे, नाहीतर सगळे तिथूनच घेतील.

मामा: आणि कुंपण कधी टिकत नाही. कॉर्नेलमध्ये शिकायला गेलेला थायलंडचा मुलगा, सुपाप किर्तसेंग. घरच्यांकडून थायलंडमधली स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवायचा आणि अमेरिकेत विकायचा. वाइली या प्रकाशकाने खटला भरला. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला: कायदेशीर छापलेली प्रत विकत घेतलीस, आता ती तुझी, वाटेल तिथे विक. ती बातमी वाचून मला आनंद झाला नाही, भीती वाटली. वाटलं, आता प्रकाशक भारतातल्या आवृत्त्या महाग करणार.

मुक्ता: आमच्याकडे तो प्रश्नच येत नाही, कारण आमचा गिऱ्हाईक प्रत विकत घेतच नाही. तो खेळण्याचा परवाना घेतो. परवाना पुढे विकता येत नाही. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने यावर दावा लावला होता. 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने पुनर्विक्रीचा हक्क मानला, 2022 मध्ये अपिलात तो गेला. त्यामुळे आमचं कुंपण पुस्तकांपेक्षा पक्कं आहे.

मामा: थांब. इथे तू फार मोठी गोष्ट घाईने ओलांडलीस. माझ्या दुकानाबाहेर जुन्या पुस्तकांची रांग लागायची ना? तिसऱ्या वर्षाचा मुलगा पुस्तकं विकायचा, दुसऱ्या वर्षाचा घ्यायचा. त्याला कोणी पत्ता विचारला नाही, देश विचारला नाही. असा बाजार ओहायोतही होता. गरीब माणूस कुठलाही असो, एक हात फिरलेली वस्तू त्याला त्याच्या ऐपतीत मिळायची. तुम्ही तो बाजार बंद केलात, आणि त्याचं काम देशावर सोपवलंत. देशाला ते कसं जमणार? देशाला खिसा नसतो. कोरेगाव पार्कात दोन गाड्या असलेल्या घरातल्या मुलाला तुमचा गेम निम्म्यात, आणि ओहायोत गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला पूर्ण भावात.

मुक्ता: हे मला टोचतं, नाही म्हणत नाही. आमच्याकडे त्याच्यासाठी सेल आहे. उन्हाळ्यात, हिवाळ्यात भाव बराच उतरतो. जो थांबू शकतो त्याला स्वस्त मिळतं, मग तो कुठल्याही देशातला असो.

मामा: थांबणं हीसुद्धा किंमतच. मित्र आज खेळतायत आणि तू आठ महिन्यांनी.

मुक्ता: तरी थांबण्याचं हे कुंपण पासपोर्ट बघत नाही. मला सगळ्यात प्रामाणिक तेच वाटतं. बाकीची सगळी माणसाला चुकीच्या जागी अडवतात. निन्टेन्डोने 2025 मध्ये स्विच 2 आणला तेव्हा जपानमध्ये दोन प्रकार काढले: फक्त जपानी भाषेत चालणारा 49,980 येनला, आणि सगळ्या भाषांचा 69,980 ला. येन घसरलेला, घरच्या लोकांना परवडावं आणि परदेशी व्यापाऱ्यांनी उचलून नेऊ नये म्हणून. हेतू चांगला. पण टोकियोत दुकानात काम करणारा नेपाळी मुलगा, ज्याला जपानी बोलता येतं पण वाचता येत नाही, तो 20,000 येन जास्त देतो. त्याचा पगार तर जपानीच आहे.

मामा: युरोपात काय करतात? तिथे तर सीमाच नाही म्हणतात.

मुक्ता: तिथलं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटतं. चेक प्रजासत्ताक, पोलंड, रोमेनिया, बाल्टिक देश इथे काही प्रकाशकांच्या गेमच्या ‘की’, म्हणजे गेम सुरू करायचे सांकेतिक क्रमांक, स्वस्त विकल्या जायच्या आणि त्या जर्मनीत चालायच्या नाहीत. युरोपियन कमिशनने जानेवारी 2021 मध्ये स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून 78 लाख युरोंचा दंड केला. एका बाजारपेठेत असं अडवता येत नाही, म्हणून. 2023 मध्ये न्यायालयाने व्हॉल्व्हविरुद्धचा तो निर्णय कायम ठेवला. तत्त्व म्हणून मला पटतं. आणि आता हा तक्ता बघ. रोमेनियासाठी वेगळा रकाना आहे?

मामा: नाही दिसत.

मुक्ता: तिथे युरोच. जर्मनीतला पगार मिळवणारा आणि बुखारेस्टमधला, दोघांना एकच भाव. पोलंडला झ्लॉटी आहे, पण अनेक गेम तिथे जर्मनीपेक्षाही महाग पडतात. झ्लॉटी पडलेली असताना 2022 मध्ये सुचवलेले दर तसेच धरून ठेवले गेले. कुंपण काढलं की स्वस्त भाव सगळीकडे पसरेल असं वाटतं. होतं ते उलटंच.

मामा: म्हणजे कुंपण ठेवलं तर नेपाळी मुलगा अडकतो, काढलं तर रोमेनियन. मग उडी मारणाऱ्याचं काय? तुझा तो कॅनडातला मित्र अर्जेंटिनाच्या दुकानातून गेम घ्यायचा ना?

मुक्ता: व्हीपीएन लावून, म्हणजे आपण अर्जेंटिनातच आहोत असं इंटरनेटवर भासवून. तो एकटाच नव्हता. पेसो कोसळत होता, तिथले भाव पेसोत तसेच राहिले होते, त्यामुळे डॉलरमध्ये मोजले तर ते अगदी किरकोळ व्हायचे. तो म्हणायचा, मोठ्या कंपनीला चार डॉलर कमी मिळाले तर कोणाचं काय बिघडतं? मी त्याच्याशी वाद घातला नाही तेव्हा. आज घालेन. 2021 मध्ये स्टीमने देश बदलण्यावर तीन महिन्यांची मर्यादा घातली. 2022 मध्ये सुचवलेले भाव सुधारले तेव्हा तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाचे पाचपटीहून जास्त वाढले. अनेक प्रकाशकांनी स्वतःहून तिथले भाव वर नेले. आणि 20 नोव्हेंबर 2023 पासून त्या दोन देशांत पेसो आणि लिरा दुकानातून गेलेच. डॉलर आला, आणि ते देश लॅटिन अमेरिका आणि पश्चिम आशियाच्या नव्या डॉलर गटांत गेले. ज्या निर्मात्यांनी नव्या गटासाठी वेगळा भाव भरला नव्हता, त्यांचे गेम थेट अमेरिकेच्या भावाला गेले.

मामा: हे सगळं व्हीपीएनवाल्यांमुळे?

मुक्ता: सगळं नाही. व्हॉल्व्हने कारण सांगितलं ते विनिमय दराच्या चढउताराचं, आणि ते खोटं नव्हतं. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिनाने पेसोचं अवमूल्यन करून डॉलर साधारण 366 वरून 800 वर नेला. 2023 ची तिथली महागाई 200 टक्क्यांच्या वर गेली. अशा चलनात निर्माता भाव ठरवणार कसा? पण प्रकाशकांनी आधीपासून भाव चढवले त्यात उड्या मारणाऱ्यांची धास्ती होतीच. आपण कंपनीला फसवलं असं माझ्या मित्राला वाटलं. त्याचं बिल अर्जेंटिनातल्या रोसारियोच्या एखाद्या मुलाच्या नावावर निघालं.

मामा: आणि किर्तसेंगचं? तोही उडीच मारत होता.

मुक्ता: तो विकत घेतलेली वस्तू विकत होता. माझा मित्र आपण अर्जेंटिनाचे आहोत असं सांगत होता.

मामा: फरक आहे, पण तू समजतेस तेवढा मोठा नाही. दोघांमुळे विकणारा घाबरतो, आणि घाबरलेला विकणारा आधी गरीब देशाचाच भाव वाढवतो. ते सोपं असतं, तिथून येणारा पैसा थोडा असतो. माझा राग उडी मारणाऱ्यापेक्षा त्या सोपेपणावर आहे. कुंपण फुटलं तर नुकसान कोणी सोसायचं, हे विकणारा ठरवतो ना? मग तुम्ही सोसा. थोडं तरी.

मुक्ता: चौघांचा स्टुडिओ आहे, मामा. 20 डॉलरमधले 30 टक्के स्टीम घेतं, त्याआधी कर जातो. आमच्यातला एकजण म्हणतोय, अर्जेंटिना, तुर्कस्तान, भारत, सगळीकडे अमेरिकेचाच भाव ठेवू, कटकट नको.

मामा: मग तुम्ही पुण्यात बसून पुण्यातल्या मुलाला अमेरिकेचा भाव लावणार?

मुक्ता: नाही लावणार. भारत सुचवलेल्या भावाच्याही खाली नेते. लॅटिन अमेरिकेच्या आणि पश्चिम आशियाच्या डॉलर गटांत सुचवलेलाच ठेवते, आणि कोणी कुंपणावरून उड्या मारून घेतला तरी वर्षभर वाढवायचा नाही असं लिहून घेते सगळ्यांकडून.

मामा: आणि रोमेनिया?

मुक्ता: रकानाच नाही म्हटलं ना.

मामा: युरोचा आहे की. तो उतरव.

मुक्ता: मग जर्मनीतल्या, नेदरलंड्समधल्या लोकांकडून येणारे पैसेही कमी होतील. आमची सगळ्यात जास्त विक्री अमेरिकेखालोखाल तिथेच होईल असा अंदाज आहे.

मामा: म्हणूनच म्हणतो. तिथे उतरवलंस तर तुला खरंच काही सोडावं लागेल. अर्जेंटिनात उतरवून तू फारसं काही सोडत नाहीस.

मुक्ता: 20 डॉलरला ते साडेएकोणीस युरो सुचवतायत. 17 केले तर?

मामा: हिशेब मांडून बघ. नेदरलंड्समध्ये किती जातील आणि रोमेनियात किती येतील.

मुक्ता: येणार नाहीतच तेवढे. तोटाच होईल. सोमवारी बाकीच्या तिघांसमोर ठेवते. तिघंही नाही म्हणतील बहुतेक, पण 17 चा आकडा मी भरून नेणार आहे.