जे आपले, तेच देता येते

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एकदाचे मृत्युपत्र करायचे ठरवले. "सणासुदीच्या घरात असले अभद्र कशाला बोलायचे?" असे म्हणून सौ.ने हा विषय दहा वर्षे टाळला होता आणि खरे सांगायचे तर मीही. पण साठी उलटली, तेव्हा वकीलबाईंकडे गेलोच.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आपणा सर्वांच्या उपयोगाच्या आहेत. इथे न्यू जर्सीत मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर वाटणी राज्याच्या कायद्याने होते. मुले अज्ञान असतील तर त्यांचा सांभाळ कोणी करावा, हे मृत्युपत्रात लिहिता येते. विम्याचे पैसे मात्र सर्वसाधारणपणे विम्याच्या कागदावर ज्याचे नाव असेल त्यालाच जातात. घटस्फोट, पुनर्विवाह झाला असेल तर तो कागद आधी तपासावा.

मग त्यांनी विचारले, "भारतात काही आहे का?"

"साताऱ्याचे घर."

"ते तुमच्याकडे कसे आले?"

प्रश्न साधा होता. उत्तर देताना मी अडखळलो.

अण्णा १९९६ साली गेले. आई आधीच गेली होती. घर अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून बांधलेले, म्हणजे स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नव्हते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा घरात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. म्हणजे अर्धे घर ताईचे होते. अण्णांचे शेवटच्या चार वर्षांतले पथ्यपाणी, औषधे, रात्रीची जागरणे सगळे तिने केले. मी रविवारी फोन करायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर काकांनी हक्कसोडपत्र पुढे केले. "बहिणी सही करतातच," ते म्हणाले. ताईने कागद वाचलाही नाही. "अरे, माझे माहेर राहू दे म्हणजे झाले," एवढेच म्हणाली. पुढच्या वर्षी मी घर भाड्याने दिले. तिचे माहेरही राहिले नाही.

वकीलबाईंकडून परतताना मी सौ.ला म्हटले, "मृत्युपत्रात अर्धे घर ताईच्या नावे लिहितो."

ती म्हणाली, "ताई तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. तुम्ही जायची वाट त्यांनी बघायची का?"

त्या रात्री झोप लागली नाही. कायद्याने घर माझेच आहे. सही खरी आहे, जबरदस्ती कोणी केली नव्हती. पण चार वडीलधाऱ्यांसमोर संकोचाने केलेल्या सहीला संमती म्हणायचे का? मृत्युपत्रात माणूस आपले ते देतो. दुसऱ्याचे आपल्याकडे राहिले असेल, तर ते देणे असते आणि देणे हयातीत फेडायचे असते. शिवाय मेल्यावर देण्यात सोडायचे काय? तेव्हा ती वस्तू आपल्याला नकोच असते.

मुलांना सांगितले. धाकट्याने विचारले, "बाबा, आणि इतक्या वर्षांच्या भाड्याचे काय?" त्याचाही हिशेब मांडतो आहे.

डिसेंबरात साताऱ्याला जाऊन अर्ध्या घराचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचे ठरले आहे. ताईला फोन केला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "किल्ली देशील ना?"

मंडळी, मृत्युपत्र जरूर करा, त्यात अभद्र काही नाही. फक्त मालमत्तेची यादी करताना प्रत्येक ओळीपुढे 'हे माझ्याकडे कसे आले?' एवढे लिहून पाहा. श्रीगणराय ही बुद्धी आपल्या सर्वांना देवो आणि वेळेवर देवो.