त्या रात्रीचे सूर आणि संताजींची वही

आधी काहीही न ठरवता, भरल्या मैफलीत सुचत गेलेले संगीत ध्वनिमुद्रित झाले, की त्यातले नेमके काय टिकते? अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट याच्या ‘द कोलोन कॉन्सर्ट’ या अल्बमने हा प्रश्न फार तीव्रतेने पुढे आणला. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री कोलोनच्या ऑपेरागृहात तो तासाहून अधिक काळ एकट्याने वाजवत होता. समोर आलेला पियानो मागवल्यापेक्षा लहान होता, त्याचे वरचे सूर पातळ आणि खर्ज दुबळा होता. म्हणून तो बराचसा मधल्या पट्टीत राहिला, डाव्या हाताने छोटे लयबंध घोळवत गेला. वाद्याच्या उणिवेतूनच त्या संगीताला रूप आले.

ध्वनी टिकतो की विरतो, हा वाद भारतीय दर्शनांतही आहे. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात, शब्द (ध्वनी) उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मीमांसादर्शनाच्या अनुयायांच्या मते तो नित्यच आहे, उच्चाराने फक्त प्रकट होतो. त्या रात्रीला न्यायमतच लागू पडते, कारण पुढचा सूर वाजवणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. तबकडी ऐकणाऱ्याला मात्र तेच सूर नित्य भासतात. सुई टेकवली की ते हजर. त्यातली जोखीम तेवढी संपलेली असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात, सुचलेल्यातले नेमके काय टिकते, हा प्रश्न परका नाही. तुकोबांचे देहू इथलेच, आणि त्यांचे टाळकरी संताजी जगनाडे चाकणचे. तुकोबांचे अभंग संताजींनी वह्यांत उतरवून घेतले, असे परंपरा सांगते. संताजींचे हे ऋण मोठे आहे. तरी त्यांनी राखले ते शब्द; तुकोबांच्या कीर्तनांतला श्वास आणि समोरच्यांचा हुंकार वहीत येणे शक्यच नव्हते. वारकऱ्यांनी ही उणीव मानली नाही. अभंग तोच ठेवून निरूपण दर वेळी नवे करायचे, ही त्यांची रीत.

जॅरेटने वेगळा मार्ग धरला. कोलोनच्या वादनाची स्वरलिपी त्याने अनेक वर्षे छापू दिली नाही. १९९१ मध्ये ती आली, तेव्हाही अंतिम प्रमाण ध्वनिमुद्रणच मानावे, असा त्याचा आग्रह होता. तो रास्तच होता, कारण बोटांचा दाब आणि वाजवताना त्याच्या तोंडून निसटणारी गुणगुण कागदावर उतरत नाही. त्या स्वरलिपीवरून वाजवणाऱ्याच्या हाती जॅरेटची निवड येते, निवडण्याची मोकळीक येत नाही. गाथेतला अभंग घेऊन उभ्या राहिलेल्या कीर्तनकाराला मात्र कोणते चरण उलगडायचे, कुठला दृष्टांत द्यायचा, हे त्याच वेळी स्वतः ठरवावे लागते.