शिशाचा दोष

नेम चुकला म्हणजे आपण नेमबाजाच्या हाताला बोल लावतो, डोळ्याला लावतो, फार तर नशिबाला. बंदुकीच्या नळीत डोकावून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिसला कांस्यपदक मिळवले, तेव्हा मानोऱ्यातल्या माझ्या वर्गाने विचारले, "गुरुजी, एवढ्या लांबून नेम लागतो कसा?" पन्नास मीटरांवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. आणि गोळी शिशाची. उत्तर शोधता शोधता मला लॅपिंगची माहिती मिळाली आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

गोळीला गिरकी मिळावी म्हणून रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्या पाडताना हत्याराचे ओरखडे मागे राहतात. मऊ शिसे त्यांवर खरवडले जाते आणि तिथेच चिकटते. पुढची गोळी त्या थरावरून जाते नि भरकटते. म्हणजे एका गोळीचे दुखणे दुसरीला भोवते!

यावर एक उपाय असा, की शिशात कथील किंवा अँटिमनी मिसळून गोळीच कठीण करायची. दुसरा उपाय नळीचा. तिच्यात गज घालून त्याच्या टोकाभोवती वितळलेले शिसे ओततात. ते थिजले की नळीच्या नेमक्या मापाचा दट्ट्या तयार होतो. त्याला तेल आणि कुरुंदाची बारीक पूड लावून कारागीर तो हाताने मागेपुढे करतो. कुरुंदाचे कण मऊ शिशात रुतून बसतात आणि तेच पोलाद घासतात. ज्या शिशाला आपण दुबळे म्हणत होतो, त्याच्याच हातून पोलाद सरळ होते, ही यातली मौज.

आता मला छळणारा प्रश्न सांगतो. आमच्या तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. तिथल्या पोराची आई घरात 'याडी' असते; शाळेत आल्याबरोबर त्याच्यापुढे 'आ आईचा' येते. पोर अडखळले की आपण म्हणतो, मूल कच्चे आहे, त्याला जरा कठीण करा. पहिला उपाय आपल्याला चटकन सुचतो, कारण त्यात नळीला काही करावे लागत नाही. मला तो अन्याय वाटतो.

पण दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहे. घासताना हात थांबला नाही तर खाचाच झिजतात. मग गोळीला गिरकी मिळत नाही आणि गेलेले पोलाद परत येत नाही. कारागीर म्हणूनच डोळ्यांपेक्षा हाताला विचारतो. दट्ट्या जिथे अडतो तिथेच जोर लावतो, सैल जागेला शिवत नाही.

आमच्या पहिलीच्या बाईंनी यंदा फळ्यावर 'आई'शेजारी 'याडी' लिहिले आहे. पाढ्यांचे पाठांतर मात्र त्यांनी सोडलेले नाही. एका पालकाने तक्रार केली, की मुलांचे लाड चालले आहेत. बाई म्हणाल्या, "तुम्ही बाराचा पाढा म्हणून घ्या की त्याच्याकडून."