गॅस म्हणे!

पडून राहा. नमस्कार राहू दे. तब्येतीची चौकशी करायला बाकीचे येतीलच, मी कान उपटायला आलोय.

पहाटे ३ वाजता छातीवर पाटा ठेवल्यासारखं दडपण आलं, बनियन घामानं भिजलं, डावा खांदा आणि जबडा भरून आला. आणि तू काय केलंस? सोडा प्यालास. मग ओव्याचा फक्का मारलास. मग बायकोकडून छातीला बाम चोळून घेतलास. ती ‘दवाखान्यात चला’ म्हणाली, तर तिच्यावरच खेकसलास. ७ वाजता अंघोळ केलीस (अंघोळ!) आणि तिला मागे बसवून स्वतः मोटारसायकल हाकत निघालास. वाटेत शुद्ध हरपली असती तर तिलाही सोबत नेलं असतंस.

दहावीला विज्ञान मीच शिकवलं ना तुला? हृदयाची आकृती रंगवून आणली होतीस, खाली काय लिहिलंय ते वाचलं नाहीस. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या वेगळ्या असतात. त्यातली एक गुठळीनं बंद झाली की वीस-तीस मिनिटांत तिच्या वाट्याचा स्नायू मरायला लागतो, आणि पुढचे काही तास मरतच राहतो. तो परत उगवत नाही, तिथे व्रण राहतो. डॉक्टरांनी धमनी उघडली, स्टेंट टाकला, ठीक. पण इकोमध्ये पंपिंग कमी दिसतंय म्हणून तोंड पाडून बसलायस, ती त्या चार तासांची करणी आहे.

‘सर, मला ॲसिडिटी आहेच हो’ हे मला ऐकवू नकोस. असेल. पित्तानं छातीत जळजळतं, बरगडीचा स्नायू दुखावला तरी दुखतं. पण घरात बसून हे ठरवणारा तू कोण? पहिल्या ईसीजीवर डॉक्टरही विसंबत नाहीत. पुन्हा ईसीजी काढतात, काही तासांनी रक्तातलं ट्रोपोनिन पुन्हा तपासतात. तू मात्र ढेकर आली एवढ्यावर निकाल लावून मोकळा! त्यात तुला मधुमेह. मधुमेह्यांना, बायकांना, म्हाताऱ्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, थंड घाम फुटतो. तुला तर सगळं ढळढळीत सांगून आलं होतं.

खरं सांगू? तुला मरणाची भीती वाटली नाही, हसं होण्याची वाटली. दारात अँब्युलन्स आली की सगळी आळी जागी होणार, आणि गॅसच निघाला तर महिनाभर चेष्टा. होऊ दे की! ईसीजी चांगला निघाला म्हणून कुठल्या डॉक्टरनं आजवर कुणाला छडी मारलेली नाही. ते खातं माझ्याकडे होतं.

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून फुकट येते. नंबर तुझ्या पोराला पाठ आहे, तुला नाही. छातीतलं दडपण काही मिनिटांत ओसरलं नाही, किंवा सोबत घाम आणि दम असला, तर थेट तो फिरवायचा. गाडीला उशीर होणार असेल तर शेजाऱ्याला उठवायचं. स्टेअरिंगवर तू बसायचं नाहीस, जिना चढायचा नाही. फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं तर ॲस्पिरिन चावून खायची. आधी विचारायचं, कारण अल्सर, रक्तस्राव किंवा ॲलर्जी असलेल्याला ती चालत नाही. १९८८ साली आयसिस-२ नावाच्या चाचणीत सतरा हजारांवर रुग्ण होते, त्यात नुसत्या ॲस्पिरिननं मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्यानं घटले. सोड्याची अशी चाचणी असेल तर आणून दाखव. आणि ‘झटका आला की जोरजोरात खोकत राहा’ हा मेसेज मला तूच पाठवला होतास ना? पुसून टाक तो आधी.

आता गोळ्या दाखव. रक्त पातळ करणाऱ्या या दोन्ही डॉक्टरांना न विचारता थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे डिस्चार्ज देताना सांगितलंय ना? मग सकाळची गोळी अजून पाकिटात कशी? बरं वाटतंय म्हणून?

सूनबाई, पाणी आण गं. माझ्यासमोर घेऊ दे याला.