भिंत कुठे घालावी?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपुढे उभं राहिलं की नजर कारागिरीवर खिळते. त्यातल्या प्रत्येक अडकित्त्याला कधीकाळी एक पानाचा डबा होता, डब्याभोवती बैठक होती आणि बैठकीला घर होतं, हे तिथे सुचत नाही. केळकरांनी गावोगाव हिंडून, मागून, विकत घेऊन हा संग्रह जमवला. ते हिंडले नसते तर यातलं बरंचसं मोडीत गेलं असतं, त्यामुळे त्यांचे उपकार मानूनच पुढचं बोलायला हवं. घरातून वस्तू उचलली की घर मागे राहतं. मग ते दुसऱ्या रीतीनं पुरवावं लागतं: काचेचं कपाट, नेमका उजेड, खाली माहितीची चिठ्ठी. शहरातल्या संग्रहालयाला भिंत लागते ती यासाठी. बाजीराव रस्त्याचा गोंगाट बाहेर ठेवायचा आणि आत त्या हरवलेल्या घराचा थोडाफार भास उभा करायचा.

स्वीडनच्या आर्टुर हाझेलियुसनं यावर जालीम उपाय काढला. 1891 मध्ये त्यानं स्टॉकहोमला स्कान्सेन हे संग्रहालय उघडलं, आणि तिथे वस्तूंबरोबर शेतकऱ्यांची घरंच्या घरं आणून उभी केली. तरीही प्रश्न एक पायरी वर सरकला, इतकंच. घर आलं, घराचं गाव मागे राहिलं.

गावातच संग्रहालय बांधायचं ठरलं तर हा सगळा हिशोब उलटतो. ज्याचा भास करायचा ते खरंखुरं शेजारी उभं आहे. वापरातली वस्तू, ती वापरणारा माणूस, तिचा कच्चा माल जिथून येतो ते झाड, सगळं हाकेच्या अंतरावर. मग भिंतीचं काम काय? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. निधी येतो, गावाच्या कडेला सिमेंटचा चौकोन उठतो, भोवती कंपाउंड, सरकत्या काचेच्या खिडक्या, आणि आत रंगवलेला सिमेंटचा बैल. खरा बैल कंपाउंडबाहेर रवंथ करत बसलेला असतो. तो पाहायला तिकीट नाही, म्हणून बहुधा तो पाहण्यासारखाही नाही, असा आमचा समज!

भिंतीचा प्रश्न नीट विचारलेली एक इमारत चीनच्या युन्नान प्रांतात आहे. तंगचुंगजवळ, गाओलिगोंग पर्वताच्या पायथ्याशी शिनचुआंग नावाचं गाव हातकागदासाठी ओळखलं जातं. कागदी तुतीची साल शिजवायची, कुटायची, तो लगदा पाण्यात कालवायचा आणि चौकटीवर एकेक ताव उचलायचा. (आपल्या दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्याच्या जुन्या कागद्यांना या कामात नवं काही वाटलं नसतं.) या गावात कागदाचं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा ट्रेस आर्किटेक्चर ऑफिसचे वास्तुकार हुआ ली यांनी गावाला लागून असलेली शेतातली जागा धरली आणि जेमतेम 361 चौरस मीटरमध्ये काम उरकलं. 2010 मध्ये ते पुरं झालं.

जागा इतकी लहान, तरी तिचा एक सलग दिवाणखाना केलेला नाही. लहान लहान खोल्या एकमेकींना खेटून, थोड्या तिरक्या, वेगवेगळ्या उंचीच्या छपरांखाली बसवल्या आहेत. बाहेरून पाहिलं तर वस्तीचाच एक पुंजका वाटतो. खरी गंमत आत चालताना कळते. एका खोलीतून दुसरीत जाताना मध्येच बाहेर उघडतं: शेत दिसतं, घरांची छपरं दिसतात, डोंगर दिसतो. मग पुन्हा आत, पुन्हा कागद. कागद ज्यापासून होतो ते झाडपाणी आणि कागद यांची ताटातूट करायची नाही, हा वास्तुकाराचा हेतू. तो पाटी लावून सांगितलेला नाही, चालण्यातच गुंफला आहे. इथली भिंत नजर अडवते ती थोडा वेळच, आणि तीही पुढच्या उघड्या जागेकडे लक्ष जावं म्हणून. पाहणारा कागदाची गोष्ट आत ऐकतो आणि कागद पाहायला गावात जातो, कारण तो घराघरातून होतोच आहे. वर राहण्याच्या खोल्याही आहेत, म्हणजे तासाभरात पाहून गाडीत बसण्याची सक्ती नाही.

बांधणीचा विचारही याच धाग्यानं जातो. लाकडी सांगाडा खाच आणि कुसू यांच्या पारंपरिक जोडांवर उभा आहे, आणि तो गावाकडच्याच कारागिरांनी उभारला. छपराला बांबू, बाहेरून फळ्या, आत भिंतींना तिथलाच हातकागद. कुणी म्हणेल, हे टिकणार कसं? लाकूड काळवंडतं, बांबू बदलावा लागतो. वास्तुकारानं हे झिजणं गृहीत धरलं आहे. मला त्यात नुसत्या रंगरूपापेक्षा मोठा फायदा दिसतो. छप्पर गळलं तर ते दुरुस्त करणारा माणूस गावात आहे. आपल्या सिमेंटच्या चौकोनाचा स्लॅब गळू लागला की प्रस्ताव तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, आणि तोवर खालच्या कपाटावर प्लॅस्टिक पसरलेलं राहतं.

इथे एक खरी अडचण मान्य करायला हवी. शिनचुआंगमध्ये धंदा जिवंत होता, म्हणून खिडकी उघडली की दाखवायला काही होतं. जिथे मोलाचं सगळं जमिनीखाली आहे, तिथे खिडकी कुठे काढायची?

धाराशिव तालुक्यातलं तेर हे असं गाव. तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांचं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ज्या तगर नगरीतून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भरूच बंदराकडे जाई असं लिहिलं आहे, ते तगर म्हणजे हेच. प्राचीन विटांची बांधणी त्रिविक्रम मंदिराच्या रूपानं अजून उभी आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी इथे सापडलेल्या वस्तू जमवल्या, आणि त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज गावातच आहे: भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, दिवे, आणि पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जिची तुलना होते ती हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. संतकुंभाराच्या गावात भाजक्या मातीचा इतका जुना साठा निघावा, हा योग कुणी जुळवून आणलेला नाही, आणि म्हणूनच तो वाया घालवू नये.

तेरसारख्या ठिकाणी खिडकी पांढरीकडे हवी. गाव ज्या टेकाडावर वसलेलं असतं तिथली माती राखाडी-पांढरी असते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुली, भिंती आणि खापरं तिच्यात मुरलेली असतात. अशा टेकाडाचा उभा छेद दिसेल अशी एक तरी खोली असावी, मूर्ती ज्या थरातून आली तो थर मूर्तीशेजारीच ओळखू यावा, आणि तिथून बाहेर पडणारी वाट थेट त्रिविक्रमाकडे आणि नदीकडे जावी. वाटेत चाक फिरवणारा कुंभार असेल तर उत्तमच. नसेल तर त्याचा पुतळा मात्र बसवू नये.

यापेक्षाही महत्त्वाचा मला दरवाजा वाटतो. जोराचा पाऊस झाला की अशा टेकाडांवर मणी उघडे पडतात, नांगराला खापरं लागतात. सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं 1878 चा कायदा सांगतो. मूठभर मणी सापडलेला शेतकरी ती पायरी चढायला बिचकतो, आणि मणी पोराच्या गळ्यात नाहीतर व्यापाऱ्याच्या पेटीत जातात. लामतुऱ्यांचा संग्रह वाढला तो माणसं आणि माती दोन्ही जवळ असल्यामुळे. म्हणून नकाशा काढायला बसताना तिकीटखिडकीच्या आधी दारात एक मोठं टेबल आखावं: वर चांगला उजेड, बाजूला हात धुवायला पाणी, नोंदवही, आणि वस्तू आणणाऱ्याला ‘हे कुठं गावलं?’ असं विचारून त्याचं उत्तर लिहून घेणारा माणूस.