विचारणे आणि परवानगी

निडी हे दिवा-रोहा मार्गावरचे लहानसे स्टेशन. नागोठणे मागे पडले की ते येते, आणि पुढे रोहा. या पट्ट्यातल्या आमच्या कित्येक घरांचे कर्ते पुरुष कुवेत, दुबई, कतारला. वर्षा-दोन वर्षांनी रजा मिळते, ते येतात आणि जातात. बाईच्या वाट्याला दिवस राहिल्याची धास्ती. आमच्या नात्यातली एक सून तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली. नवऱ्याच्या रजेआधी ती तांबी बसवून घ्यायला एका दवाखान्यात गेली. तिथे विचारले, "नवऱ्याची सही कुठाय?" घरी आली तर सासूने विचारले, "गुनाह नाही का हा?"

सासूचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो जुना आहे. पैगंबरांच्या (स.) हयातीत, कुरआन उतरत असताना, सहाबा अज्ल करीत आणि त्यांना मनाई झाली नाही, अशी हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नापसंती सुचवणारी हदीसही आहे, ती लपवण्याचे कारण नाही. पण 1111 साली निवर्तलेले इमाम गजाली अज्ल जायज ठरवतात. बाळंतपणात बायकोच्या जिवाला असलेला धोका, मोठ्या कुटुंबाची ओढाताण ही कारणे ते मान्य करतात. गजाली शाफई, आम्ही कोकणी मुसलमानही शाफई. आमच्याच इमामाचे म्हणणे आमच्याच ओट्यावर पोहोचले नाही.

मात्र इथे एक अडचण आहे. अज्लसाठी बायकोची संमती हवी, असे हनफी, मालिकी आणि हंबली फुकहा सामान्यतः म्हणतात. शाफई मजहबात ती लागत नाही, हे मत प्रबळ. म्हणजे ज्या इमामाचा आधार घ्यायचा, तिथेच बाईला विचारणे सर्वात कमी! ही सारी चर्चा उपाय पुरुषाच्या हाती होता तेव्हाची. तांबी, गोळी, तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन हे उपाय बाईच्या शरीरावर होतात. जिवाचा धोका हे कारण मान्य असेल, तर त्या धोक्याची पहिली साक्षीदार तीच.

मग नवऱ्याचा हक्क? तो आहे. औलाद दोघांची, आणि निकाहात लपवाछपवी आम्हाला पटत नाही. पण त्याला सांगणे वेगळे आणि त्याची परवानगी मागणे वेगळे. तांबीसाठी नवऱ्याची सही मागणारा कायदा नाही. गर्भपातासाठीसुद्धा 1971 च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. काउंटरवरचा माणूस मागतो ती सही शरियतची नव्हे, सरकारचीही नव्हे, ती रिवाजाची.

या विषयावर आम्ही बिचकतो, त्यालाही कारण आहे. नोव्हेंबर 1976 मध्ये हरियाणातल्या उटावड या मेव मुस्लिमांच्या गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना नसबंदीसाठी नेले. आपल्याकडे बार्शीतही त्याच वर्षी जबरदस्ती झाली. ती भीती खरी होती. पण सरकारने पुरुषावर केलेल्या जबरदस्तीची आठवण काढून आम्ही घरात बाईवर सक्ती करावी, हा कुठला इन्साफ? (आणि विरोध फक्त आमच्यातच झाला असे कुणी समजू नये. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांना छळले ते त्यांच्याच समाजाने.)

आमची लोकसंख्या मोजणारे बाहेर पुष्कळ, आणि ती वाढवा म्हणणारे आतही आहेत. दोघांचीही बेरीज बाईच्या पोटावर. तिने मात्र आपला हिशेब केलेला दिसतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती, 2019-21 मध्ये 2.36.

त्या सुनेने कुवेतला फोन केला. नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू ठरवलंयस ना, मग मला कशाला विचारतेस?" त्यात राग होता की मोकळीक, ते तिला अजून कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने रोह्याला गेली. मुलांना सासूने सांभाळले.