ठोसा आणि क्षमा

क्षमा हें बलवानाचें भूषण होय, हें वचन आमच्या सुशिक्षित समाजांत इतकें रुळलेलें आहे कीं, तें उच्चारणारा स्वतः बलवान् आहे किंवा नाहीं, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ज्याला हात उगारतांच येत नाहीं, त्यानें हात उगारला नाहीं, यांत त्याचा सद्गुण तो कोणता? हा प्रश्न आम्हांला गेल्या वर्षीं कोणा तत्त्ववेत्त्यानें नव्हे, तर आमच्या धाकट्या कन्येनें घातला. आणि तोहि जेवणाच्या पानावर.

ती जालना येथें अकरावीच्या वर्गांत शिकते. गांवांत एक गृहस्थ सायंकाळीं मुलामुलींस मुष्टियुद्धाचे प्राथमिक पाठ देतात, तेथें आपणांस जावयाचें आहे, असें तिनें सांगितलें. तिच्या आईस पहिली काळजी नाकाची वाटली, व ती यथार्थच होती. आम्हीं मात्र सवयीप्रमाणें तत्त्वाची बाजू उचलली. दुसऱ्याच्या तोंडावर प्रहार करणें हाच ज्या खेळाचा हेतु, तो सुसंस्कृत मनुष्यानें शिकावा काय, असें आम्हीं विचारलें. आसामच्या लव्हलिना बोर्गोहेननें २०२१ सालीं टोकियो येथें ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें, तेलंगणाची निखत जरीन २०२२ व २०२३ सालीं जगज्जेती झाली, हीं उदाहरणें ती देईल अशी आमची अपेक्षा होती, व त्यांस उत्तरहि आम्हीं योजून ठेविलें होतें. पण तिनें एवढेंच विचारलें, "बाबा, तुम्हांला मारतां येतं आणि तुम्ही मारत नाहीं, असं आहे का? कीं मारतांच येत नाहीं?"

उत्तर देण्यापूर्वींच एक जुना प्रसंग आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. पंचवीस वर्षांमागें एका तालुक्याच्या गांवीं आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतों. एक दांडगा इसम शेंगा विकणाऱ्या दहाबारा वर्षांच्या पोरास कांहीं क्षुल्लक कारणावरून मारीत होता. पंधरावीस माणसें पाहत होतीं. त्यांतच आम्ही होतों. पोराची टोपली उलटली, शेंगा धुळींत पांगल्या, आणि आम्हीं हातांतलें वर्तमानपत्र थोडें वर धरलें. पुढच्याच आठवड्यांत आम्ही वर्गांत सहिष्णुतेवर बोललों, व बरें बोललों असें विद्यार्थी म्हणाले. आमचें तें स्वस्थ राहणें आम्हीं अहिंसेच्या खात्यांत जमा केलें होतें. परंतु खुद्द गांधीजींनीं १९२० सालीं 'यंग इंडिया' पत्रांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, भ्याडपणा व हिंसा या दोहोंतूनच निवड करणें भाग पडलें, तर आपण हिंसेचाच सल्ला देऊं. क्षमा ही त्यांच्या मतें शिक्षेहून श्रेष्ठ खरी. पण शिक्षा करण्याचें सामर्थ्य अंगीं असेल तरच तिला क्षमा म्हणावयाचें. या कसोटीस आमचें वर्तमानपत्र उतरण्यासारखें नव्हतें.

कन्येस परवानगी मिळाली, व ती कोणत्या मार्गानें जात आहे हें पाहण्यासाठीं आम्हीहि कांहीं दिवस तेथें जाऊन बसूं लागलों. आमची कल्पना अशी कीं, पहिल्या दिवसापासून गुद्दागुद्दी सुरू होईल. प्रत्यक्षांत पहिले आठ दिवस कोणी कोणास स्पर्शहि केला नाहीं. उभें कसें राहावें, एवढाच पाठ. डावा पाय पुढें, उजवा मागें, मागची टांच किंचित् उचललेली, गुडघे थोडे सैल, हनुवटी खालीं, कोपरें बरगड्यांशीं, मुठी गालांशीं. पुढें सरकतांना पुढचा पाय आधीं, मागें हटतांना मागचा आधीं. पायांत पाय अडकतां कामा नये. मग हातांस पट्टी गुंडाळण्याचा पाठ, मग मूठ वळण्याचा. अंगठा मुठीच्या आंत ठेविला तर तो आपलाच मोडावयाचा. त्यानंतर कोठें डाव्या हाताचा सरळ ठोसा. त्यांतहि शिक्षकांचा सारा कटाक्ष हात कसा जातो यापेक्षां कसा परत येतो यावर होता. गेलेला हात त्याच वाटेनें, तितक्याच त्वरेनें गालाशीं परत आला पाहिजे. संतापलेल्या मनुष्याचा हात जातो तो परत येत नाहीं. तो वाहवत जातो, व त्यामागें सारें शरीर तोल सोडून जातें. म्हणून रागीट मुलगा येथें पहिल्याच महिन्यांत मागें पडतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

एके दिवशीं शिक्षकांच्या आग्रहावरून आम्हीहि उभे राहिलों. वय ५४, समोर चिंध्या भरून टांगलेलें पोतें. मुष्टियुद्धाची एक फेरी तीन मिनिटांची असते. आमचा श्वास दुसऱ्या मिनिटासच संपला. पण खरी परीक्षा पुढें होती. शिक्षकांनीं हातमोजा घातलेला आपला हात आमच्या कपाळावर अगदीं हलकेच टेकविला, आणि आमचे डोळे गच्च मिटले. "सर, डोळे उघडे ठेवा," ते म्हणाले. दहा वेळां प्रयत्न केला, दहाहि वेळां डोळे मिटले. पंचवीस वर्षांमागें वर धरलेल्या त्या वर्तमानपत्राचा अर्थ आम्हांस तेव्हां उलगडला. आम्हांस मारतां येत नव्हतें, हें तर खरेंच. पण आम्हांस पाहतांहि येत नव्हतें.

ॲरिस्टॉटलनें सांगितलें आहे कीं, सद्गुण उपदेशानें येत नाहींत, अभ्यासानें येतात. संकटांत वागतां वागतां मनुष्य शूर होतो किंवा भित्रा होतो. हें आम्ही तीस वर्षें शिकवीत आलों, पण डोळ्यांच्या पापण्यांनाहि हा नियम लागू आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. याच जिल्ह्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मले. विवाहमंडपांत 'सावधान' हा शब्द कानीं पडतांच ते निघून गेले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता कांहींहि असो. मारुतीची उपासना गांवोगांवीं रुजविणाऱ्या या पुरुषानें बल आणि सावधपण यांस एकत्र नांदविलें, हें निर्विवाद आहे. आमच्या कन्येचा पहिला पाठ सावधपणाचाच होता. बल मागाहून आलें.

येथवर आमचें मत मुष्टियुद्धास अनुकूल झालें, असें वाचकांस वाटेल. परंतु दुसरी बाजू टाळणें हें पुन्हां वर्तमानपत्र वर धरण्यासारखेंच होईल. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनीं हातमोजे आले, फेऱ्यांची मुदत ठरली, व खेळास सभ्य रूप आलें. पण हातमोजा मारणाऱ्याच्या हाताचें जितकें रक्षण करितो, तितकें मार खाणाऱ्याच्या मेंदूचें करीत नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील मार्टलंड या वैद्यानें, वर्षानुवर्षें डोक्यावर ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणें जड होतें व बुद्धि मंदावते, असें दाखवून दिलें. पुढील संशोधनानें त्याचें म्हणणें दृढच केलें. डोक्यावरील टोपानें जखमा कमी होतात. कवटीच्या आंत मेंदूला बसणारा हिसका त्यानें थांबत नाहीं. ज्या खेळांत प्रतिस्पर्ध्यास बेशुद्ध पाडणें हाहि विजयाचा मान्य मार्ग आहे, त्यास निर्दोष म्हणणें आम्हांस शक्य नाहीं.

तेव्हां आमच्या मतें भेद करावयाचा तो शिकणें आणि लढणें यांत. पवित्रा, पाय, श्वास, उघडे डोळे आणि परत येणारा हात, एवढें प्रत्येक मुलास व मुलीस येणें हितकर आहे. त्याच्यावांचून क्षमा हा शब्द पोकळ राहतो. ठोशांनीं पदक जिंकावें किंवा नाहीं, हा प्रश्न निराळा; त्याचें उत्तर ज्याच्या डोक्यावर ठोसे बसावयाचे त्यानेंच सर्व समजून द्यावें.

गेल्या महिन्यांत शालेय स्पर्धेचा अर्ज घेऊन कन्या आमच्यापुढें आली. आम्हीं मार्टलंडची हकीकत तिला सांगितली व आठ दिवस विचार करावयास लाविलें. आठ दिवसांनीं ती म्हणाली, "बाबा, यंदा एकदां उतरून पाहतें. पुढचं पुढं, पण तुम्हांला विचारल्याशिवाय नाहीं." आम्हीं सही केली. ती करतांना भीति वाटली नाहीं असें नाहीं. स्पर्धेच्या दिवशीं आम्ही पहिल्या रांगेंत बसणार आहों. वर्तमानपत्र घरींच ठेवावयाचें, असें ठरविलें आहे.